होम थिएटरचा आवाज कमी पडतोय? नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी आवाज कुठे गळतोय ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५.१ चा संच आहे (समोर तीन आणि मागे दोन स्पीकर, शिवाय बाससाठी एक सबवूफर, तोच ‘.१’), रिसीव्हरवर (ज्याच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर असतो तो डबा) प्रत्येक चॅनेलला ८० वॉट लिहिलेत, टीव्हीला तो एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत नेणारी जोडणी) जोडलाय. आवाज -१२ पर्यंत चढवला तरी संवाद कळत नाहीत. मारामारी सुरू झाली की मात्र रिमोटकडे धाव घ्यावी लागते. बास असून नसल्यासारखा आहे आणि मागचे दोन स्पीकर बहुतेक वेळ गप्पच असतात. बघायला आलेल्या तंत्रज्ञाने सांगितलं की अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतोय, दुप्पट ताकदीचा घ्या. तर तो घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. मी गेली कित्येक वर्षं घरांमध्ये असे संच बसवतो आणि जुळवून देतो, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं ताकद कमी पडल्याची नाहीत. ताकद कमी पडते तेव्हा मोठे आवाज फाटतात, कर्कश होतात, कधी रिसीव्हर स्वतःहून बंद पडतो. तुमच्याकडे उलट आहे. मोठे आवाज भरपूर मोठे येतात, संवाद तेवढे हरवतात. म्हणजे ताकद आहे, पण आवाज तुमच्या कानापर्यंत येताना वाटेत कुठेतरी गळतोय, आणि बहुधा एकाहून जास्त ठिकाणी. खोली केवढी, तुम्ही स्पीकरपासून किती लांब बसता आणि स्पीकर नेमके कोणते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच काही अवलंबून आहे. म्हणून मी मध्यम खोली, तीनेक मीटर अंतर आणि साधारण बुकशेल्फ आकाराचे स्पीकर असं धरून चालतो. तुमचं यापेक्षा वेगळं असेल तर काय बदलतं, ते त्या त्या जागी सांगेन.

आधी ताकदीचा हिशेब करू, म्हणजे मनातून तो विषय जाईल. अशा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबलच्या आसपास असते. त्याला एक वॉट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. तुम्ही तीन मीटरवर बसलात तर भिंतींवरून परतणारा आवाज धरून ७८ ते ८० डेसिबल उरतात. घरात सिनेमा बघताना संवाद ६० ते ६५ डेसिबलवर असले की आरामात कळतात. म्हणजे पात्रं बोलत असताना तुमचा अ‍ॅम्प्लिफायर फार तर एका वॉटचा विसावा भाग खर्च करतोय. ८० चे १६० वॉट केलेत तर अगदी वरच्या टोकाला ३ डेसिबल जास्त मिळतील. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट ताकद लागते. शिवाय ती वाढीव ताकद फक्त स्फोटाच्या क्षणी कामाला येईल. संवाद होते तिथेच राहतील.

आता त्या -१२ कडे बघू, कारण त्यातच एक मोठी खूण आहे. बऱ्याच रिसीव्हरवरचा उणे आकडा चित्रपटगृहाच्या ठरलेल्या पातळीपासून मोजलेला असतो. संच नीट जुळवलेला असेल तर ० वर मुख्य स्पीकरमधून येणारे सर्वांत मोठे आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातात. -१२ वर ते ९३ पर्यंत जातील आणि संवाद समोर बसलेल्या माणसाने खणखणीत बोलावं तसे यायला हवेत. मी जुळवलेल्या घरांमध्ये लोक बहुतेक वेळा -२५ ते -१५ च्या दरम्यान सिनेमा बघतात. तुम्हाला -१२ वरही ऐकू येत नाही, याचा अर्थ दोनपैकी एक: रिसीव्हरपर्यंत सिग्नलच कमजोर किंवा चुकीच्या रूपात पोचतोय, नाहीतर स्पीकरच्या पातळ्या कधी जुळवल्याच गेल्या नाहीत. तुमच्याकडे दोन्ही असावं असं मला वाटतं.

सुरुवात सिग्नलपासून करा. एखादा ५.१ आवाज असलेला सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या पडद्यावर काय लिहून येतं ते वाचा. ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ किंवा ‘डीटीएस’ असं काही दिसलं तर ठीक. ‘पीसीएम’ (न दाबलेला डिजिटल आवाज) किंवा नुसतं ‘स्टिरिओ’ दिसलं तर टीव्ही पाचही चॅनेल दोनांत मळून पाठवतोय. मग सेंटरसाठी, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरसाठी, वेगळे ठेवलेले संवाद डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये पार्श्वसंगीताबरोबर मिसळतात, सेंटर बंद राहतो आणि मागच्यांना द्यायला काही उरतच नाही. तुमचे मागचे स्पीकर गप्प आहेत, त्यामुळे माझा पहिला संशय इथेच आहे. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ नावाचा पर्याय असतो. तो ‘पीसीएम’वरून ‘पासथ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’वर न्या. ज्या अ‍ॅपमधून सिनेमा बघता तिथेही आवाजाच्या यादीत ५.१ असलेला पर्याय निवडलाय का ते बघा.

जोडणीची मर्यादाही लक्षात असू द्या. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली. तिच्यातून दोन चॅनेलचा पीसीएम किंवा दाबून छोटा केलेला ५.१ जातो. अनेक चॅनेलचा पीसीएम जात नाही. तो हवा असेल तर दोन्ही टोकांना ईएआरसी लागते, ती २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये आली. ऑप्टिकल केबल वापरणाऱ्यांनाही अनेक चॅनेलचा पीसीएम मिळत नाही आणि डॉल्बी डिजिटल प्लसही मिळत नाही. टीव्हीने जवळच्या प्लेअरचा ५.१ अडवून दोन चॅनेलचा करून पुढे पाठवल्याचंही मी बऱ्याचदा बघितलंय. रिसीव्हरवर मोकळं एचडीएमआय इनपुट असेल तर प्लेअर किंवा सेट टॉप बॉक्स थेट रिसीव्हरला जोडा आणि चित्र तिथून टीव्हीकडे न्या. वाटेतला एक मधला माणूस कमी होतो. आणखी एक साधी गोष्ट: सेट टॉप बॉक्सला त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम असतो. तो कुणीतरी कधीतरी अर्ध्यावर आणून ठेवलेला असतो आणि त्याची आठवण कुणालाच नसते. तो पूर्ण वर न्या आणि यापुढे कमी-जास्त फक्त रिसीव्हरवरच करा.

रिसीव्हरवर ‘हॉल’, ‘स्टेडियम’, ‘कॉन्सर्ट’ असले परिणाम चालू असतील तर बंद करा. ते संवादावर प्रतिध्वनी चढवतात. बातम्या किंवा जुने सिनेमे मुळातच दोन चॅनेलचे असतात. तिथे ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक २’ चालू ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज, अर्थात बोलणं, सेंटरकडे वळवलं जातं.

सिग्नल ठीक झाला की सेंटर स्पीकरकडे वळा. ५.१ मध्ये संवादाचा बहुतेक भार तो एकटा वाहतो, आणि घरात सगळ्यात वाईट जागा त्याच्याच वाट्याला येते. टीव्हीखालच्या कपाटात, दोन्ही बाजूंना लाकूड, वर फळी, आणि तोंड आपल्या गुडघ्यांकडे. गेल्या महिन्यात मी ज्या घरी गेलो तिथे अगदी हेच होतं. सेंटर कपाटात वीतभर आत ढकललेला आणि पुढे सेट टॉप बॉक्सही ठेवलेला. मी रिसीव्हरचा चाचणीचा खरखराट फक्त सेंटरवर लावला आणि घरच्या आजींना सोफ्यावर त्यांच्या रोजच्या जागी बसवलं. मग बॉक्स बाजूला केला आणि स्पीकर सरकवत पुढे आणला, त्याचं तोंड फळीच्या कडेबाहेर बोटभर येईपर्यंत. खाली पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे दिले, तोंड किंचित वर झालं. आजी म्हणाल्या, “वाढवलास का रे आवाज?” मी रिमोटला हातही लावला नव्हता.

यामागचं कारण व्यंजनांमध्ये आहे. बोलण्यातला दणका स्वरांचा असतो, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांची ऊर्जा बरीच वरच्या पट्टीत असते. ‘स’ची तर बहुतांश ४,००० हर्ट्झच्या वर. या वरच्या लहरी टॉर्चच्या झोतासारख्या सरळ जातात. झोत गुडघ्यांवर पडला किंवा फळीवर आपटला की कानाला स्वर मिळतात, व्यंजनं मिळत नाहीत. मग ‘कोणीतरी बोलतंय, पण काय ते कळत नाही’ अशी अवस्था होते आणि आपण आवाज चढवत जातो. म्हणून सेंटर फळीच्या कडेपर्यंत पुढे घ्या, तोंड बसल्यावरच्या कानाच्या उंचीकडे वळवा आणि समोर काहीही ठेवू नका.

तसंच त्याचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा आतला छोटा भाग, जिवंत आहे ना, हे तपासा. वर्तमानपत्राची गुंडाळी करून नळी बनवा. सेंटरवर चाचणीचा आवाज अगदी हळू लावा, नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं ट्वीटरच्या अगदी जवळ धरा. तिथून बारीक ‘सस्स’ असा आवाज यायला हवा. मोठ्या कोनांजवळ (पुढे-मागे हलणाऱ्या मोठ्या पडद्यांजवळ) नळी नेली की जाडसर ‘हूऽऽ’ ऐकू येईल. ट्वीटरजवळही तोच लांबून आल्यासारखा जाडसर आवाज आला तर ट्वीटर गेलाय. असा स्पीकर वाजतो, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण सगळी पात्रं तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखी वाटतात. प्रत्येक स्पीकरवर ही चाचणी करा, दहा मिनिटांचं काम आहे. मल्टिमीटर असेल तर तार काढून स्पीकरच्या टोकांवर ओहमही मोजा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर आत कुठेतरी वाट तुटलीय.

तारांबद्दल बाजारात इतकं बोललं जातं की एक हिशेब देतो. मागच्या स्पीकरपर्यंत १० मीटर तार आहे आणि ती अगदी बारीक, ०.५ चौरस मिलिमीटरची आहे असं धरा. जाण्या-येण्याची मिळून २० मीटर तांब्याची तार होते आणि तिचा रोध सुमारे ०.७ ओहम. ६ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे १ डेसिबलही कमी मिळत नाही. २.५ चौरस मिलिमीटरची तार टाकलीत तर हा रोध ०.१४ ओहमवर येतो. नवी तार ओढताना जाड घ्यावी हे खरं, पण तुमचा आवाज तारेच्या जाडीमुळे हरवलेला नाही. टोकं मात्र बघा. काळी पडलेली असली तर बोटभर कापून नवीन सोला, पीळ द्या, घट्ट आवळा, आणि एकही सुटा धागा शेजारच्या टोकाला लागत नाही ना ते पाहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्लस-मायनस. एका स्पीकरची टोकं उलटी लागली असतील तर डाव्याचा पडदा पुढे येतो तेव्हा उजव्याचा मागे जातो. खालच्या सुरांत दोघे एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. बास पातळ होतो, आणि दोन्हीकडून सारखा येणारा आवाज मधोमध न बसता खोलीभर विखुरतो. बास असून नसल्यासारखा ही तुमची तक्रार वाचून मला हेही आठवलं. दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतील तर एकीवर रेघ, छापलेली अक्षरं किंवा बोटाला लागणारी उंच कड असते. ती सगळीकडे प्लसलाच लावायची असं ठरवा आणि पाचही स्पीकरवर एकदा शांतपणे जुळवून बघा. खात्री हवी असेल तर तार रिसीव्हरमधून काढा आणि तिला १.५ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा. बॅटरीचा प्लस तारेच्या प्लसला लागला की मोठा कोन पुढे यायला हवा.

हे सगळं झाल्यावरच ऑटो कॅलिब्रेशन करा, म्हणजे माइकने ऐकून प्रत्येक स्पीकरची पातळी आणि अंतर रिसीव्हरला स्वतः जुळवू द्या. खोक्यात आलेला माइक बरेच जण उघडतही नाहीत, किंवा हातात धरून, उशीवर ठेवून एकदाचं उरकतात. मग आलेले आकडे उशीचे असतात, तुमच्या कानांचे नसतात. माइक ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीपासून थोडा पुढे ठेवा. पंखा, एसी, मिक्सर बंद ठेवा आणि तुम्हीही मधून बाजूला व्हा. झाल्यावर आकडे डोळ्यांखालून घाला. स्पीकरची अंतरं टेपने मोजलेल्या अंतराशी साधारण जुळायला हवीत. सबवूफरचं अंतर मात्र प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त दाखवलं जातं. त्याला हात लावू नका. सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे आवाजाला उशीर होतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून मोजतो. एवढं झालं की सेंटरची पातळी हाताने २ ते ३ डेसिबल वाढवा. काटेकोर लोकांना हे पटत नाही, पण घरात शेजारच्या खोलीतली खुडबुड, पंख्याची घरघर चालूच असते. संवादाला एवढा हात द्यावाच लागतो.

आता बास. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच. तुमचे स्पीकर रिसीव्हरमध्ये ‘लार्ज’ म्हणून नोंदलेले असतील तर त्यांना झेपणार नाही असा खालचा आवाज त्यांच्याच गळ्यात पडतो आणि सबवूफरला फक्त ‘.१’ मधला वेगळा मजकूर मिळतो. गाणी ऐकताना तर त्याच्याकडे काहीच येत नाही. ऑटो कॅलिब्रेशननेच पुष्कळदा ‘लार्ज’ लिहून ठेवलेलं असतं. सगळे ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. स्पीकर तळहाताएवढे असतील तर १२० किंवा १५०. सबवूफरच्या पाठीमागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा किंवा ‘एलएफई’वर ठेवा, नाहीतर दोन चाळण्या एकापुढे एक लागतात आणि मधला बास गायब होतो.

नंतर सबवूफर खरंच जागा आहे का ते बघा. याची एक खोड नेहमी भेटते. सबवूफरच्या पाठीमागचं आवाजाचं बटण फार वर असलं की कॅलिब्रेशन रिसीव्हरमधून सिग्नल कमी करत करत -१२ पर्यंत, म्हणजे बऱ्याच रिसीव्हरच्या खालच्या टोकाला, नेऊन ठेवतं. इतका क्षीण सिग्नल बघून सबवूफरचा ‘ऑटो’ स्विच समजतो की काही वाजतच नाहीये आणि तो झोपी जातो. मोठा स्फोट आला की जागा होतो, पुन्हा झोपतो. दिवा लाल दिसला तर हेच चाललंय. मागचं बटण कमी करून कॅलिब्रेशन पुन्हा करा, रिसीव्हरमधला आकडा -६ ते -३ च्या आसपास येईल असं बघा. फेजचा स्विचही तपासा. सबवूफरचा पडदा बाकीच्या स्पीकरबरोबर हलतो की उलटा, हे तो ठरवतो. ८० हर्ट्झच्या जवळचा एकच सूर लावून तुमच्या जागी बसा आणि कुणालातरी स्विच ० आणि १८० वर करायला सांगा. ज्यावर सूर भरदार येईल ते बरोबर.

एवढं करूनही बास नाही आला तर दोष खोलीचा आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खोली ५ मीटर लांब असेल तर साधारण ३४ हर्ट्झची लहर तिच्या दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. तिचा दाब दोन्ही भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि लांबीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुमचा सोफा मध्यावर असेल तर भिंतीशी उभा असलेल्याला धडधड जाणवेल आणि तुम्हाला काहीच नाही. अशा खड्ड्यात सबवूफरचा आवाज कितीही वाढवा, इक्वलायझर कितीही फिरवा, फायदा नाही. जेवढं भराल तेवढं रद्द होतं. सोफा दोन-तीन फूट मागे घ्या, फरक लगेच कळतो.

सोफा हलत नसेल तर सबवूफर हलवा, आणि त्याची जागा शोधायची एक जुनी रीत आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी, शक्य असेल तर सोफ्यावरच ठेवा. सतत बास असलेलं काहीतरी लावा. मग जिथे जिथे सबवूफर ठेवणं शक्य आहे तिथे गुडघ्यांवर रांगत जा, डोकं जमिनीलगत ठेवून ऐका. एका कोपऱ्यात नुसताच घुमेल, एका जागी पातळ होईल, आणि एखाद्या जागी प्रत्येक ठोका वेगळा, गोल आणि भरीव ऐकू येईल. तिथे खडूची खूण करा. सबवूफरची जागा तीच. घरातली मंडळी हसतील, पण मी हे अजून प्रत्येक घरी करतो, कारण दुसऱ्या कुठल्याही उपायाने इतका फरक पडलेला मी बघितलेला नाही.

एक गोष्ट कानांचीही आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज जितका हळू, तितके खालचे सूर कानाला अधिक कमी ऐकू येतात. रात्री हळू आवाजात बघताना बास गेल्यासारखा वाटतो तो त्यामुळे. रिसीव्हरवर ‘लाउडनेस’ किंवा ‘डायनॅमिक ईक्यू’ असेल तर अशा वेळी चालू करा.

मागच्या स्पीकरचं फार काही नाही. सिग्नल ५.१ झाला की ते बोलू लागतील. तरी ते सतत वाजणार नाहीत. सिनेमात त्यांच्याकडे पाऊस, गर्दी, मागून जाणारी गाडी एवढंच असतं. चाचणीचा आवाज पाचही स्पीकरमधून सारखा येतोय ना, एवढं पाहा. समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरा मागे, आणि कानांहून थोडे उंच असले की पुरे. पडदा किंवा खुर्चीची पाठ आड येऊ देऊ नका.

‘संवाद हळू आणि स्फोट मोठा’ ही तक्रार काही प्रमाणात मात्र राहील, कारण सिनेमा तसाच बनवलेला असतो. संवाद आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यात २५ डेसिबलचंही अंतर ठेवतात, शांत आणि अंधाऱ्या चित्रपटगृहासाठी. रात्री बघताना रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ कमी करण्याचा पर्याय वापरा. तो हे अंतर दाबतो. दिवसा, पूर्ण मन लावून बघताना बंद ठेवा, नाहीतर सिनेमाचा जीव जातो.

आणि खोली. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. ‘टाळी’ एवढंच ऐकू आलं तर छान. मागोमाग ‘झ्र्रर’ असा थरथरता शेपूट आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज टोलवतायत आणि प्रत्येक शब्दावर मागच्या शब्दाची शेपटी पडतेय. अशा खोलीत आवाज वाढवला की गोंधळही तितकाच वाढतो. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा, खिडकीला जाड पडदा, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, यातलं जे जमेल ते करा. बाजूच्या भिंतीवर कुणाला आरसा सरकवायला सांगा. सोफ्यावरून ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथे काहीतरी मऊ लावलं तर सर्वांत जास्त फायदा होतो.

मग अ‍ॅम्प्लिफायर कधी घ्यायचा? तुम्ही पाच-सहा मीटर लांब बसत असाल, खोली पुढे जेवणघरात उघडी असेल, किंवा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८३-८४ असेल, तर ८० वॉट खरंच कमी पडू शकतात. त्यातही आधी स्पीकर बदलायचा विचार करा. ८४ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर म्हणजे चौपट अ‍ॅम्प्लिफायर घेतल्यासारखं आहे. तुमचे स्पीकर एखाद्या जुन्या तयार संचातले असतील तर मागचं लेबल वाचा. त्यात पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे असतात, आणि तुमच्या रिसीव्हरवर किमान ६ ओहम लिहिलं असेल तर तो तापेल, बंद पडेल. तशी जोडणी चालू ठेवू नका.

दोन सुट्ट्यांचे दिवस काढा. पहिल्या दिवशी सिग्नल, सेंटरची जागा, तारांची टोकं आणि प्लस-मायनस. दुसऱ्या दिवशी आधी सबवूफरची जागा, मग कॅलिब्रेशन. हा क्रम उलटा करू नका, कारण जागा बदलली की आधीचं कॅलिब्रेशन फुकट जातं. एवढं करूनही संवाद दबलेले राहिले तर मला चार गोष्टी कळवा: सिनेमा चालू असताना रिसीव्हरच्या पडद्यावर काय लिहून येतं, कॅलिब्रेशननंतर प्रत्येक स्पीकरसमोर आलेले आकडे, खोलीची लांबी-रुंदी सोफ्याच्या जागेसकट, आणि स्पीकरच्या मागच्या लेबलवर लिहिलेले ओहम व सेन्सिटिव्हिटी. पुढचं त्यावरून सांगतो.